हळूमामाची बुजरी घोडी

हळूमामा कुणाचाच मामा नव्हता. त्याला बहीणच नव्हती, मग भाचे कुठून येणार? पण समोर घोडा असो, हमाल असो, नाही तर जिन्याच्या वळणावर कपाटाचं दुसरं टोक धरून अडकलेला गिऱ्हाइकाचा जावई असो, त्याच्या तोंडून एकच शब्द निघायचा, "हळू." ओरडायचा नाही. दुसऱ्यांदा म्हणताना आवाज आणखी खाली न्यायचा, तिसऱ्यांदा आणखी खाली, आणि ऐकणारा, दोन पायांचा असो की चार, खरोखरच हळू व्हायचा. वखारीतल्या कुणीतरी त्याला हळूमामा म्हटलं आणि तेच चिकटलं. पुढे त्याची बायकोही आपसूक मामी झाली. आईबापांनी ठेवलेलं नाव दवाखान्याच्या केसपेपरावर तेवढं उरलं.

वखार टेकडीच्या पायथ्याशी, हमरस्त्याला लागून होती. मागे करवतीची यंत्रं, मधे सुतारांची शेड, पुढे तयार पलंग-कपाटांचं दुकान. ओंडके घेऊन ट्रक थेट आवारात यायचे. पण तयार माल वर न्यायचा तर ट्रकचा उपयोग नव्हता. वरच्या वस्तीतल्या गल्ल्या अशा, की दोन जाडी माणसं समोरासमोर आली तर एकाला पायरीवर चढावं लागे. म्हणून मालकाने घोडागाडी ठेवली होती आणि त्या गाडीवर मामा होता. पोरवयात घोड्यांच्या चंदीचे तोबरे भरायला म्हणून लागला आणि केस पांढरे होईपर्यंत तिथेच राहिला. चार घोडे त्याच्या हाताखालून गेले. त्यातला एकही कधी उधळला नाही. मामाला या गोष्टीचा अभिमान होता, पण तो बोलून दाखवायची गरज नव्हती, बाकीचेच बोलायचे.

चौथा घोडा गुडघ्यातून गेला आणि मालकाने एक तरणी घोडी आणली. तांबूस रंगाची, पाय लांब, छाती अजून भरायची होती. कागद फडफडला की दचकायची, कबुतर उडालं की दचकायची, स्वतःच्या शेपटीचा फटका पोटाला लागला तरी दचकायची. पाठीमागे बसून सामान धरणारा पैलवान म्हणाला, "ही घोडी कसली, चिमणी आहे." झालं, चिमणी नाव पडलं.

पैलवान हा वखारीचा सगळ्यात जुना हमाल. कुस्ती त्याने आयुष्यात खेळली नव्हती, पण सागवानी पलंग एकटा पाठीवर घ्यायचा. तो आणि मामा एका डब्यात जेवत. एकाचं बोलणं दुसऱ्याने पुरं करायचं, इतकी वर्षांची सवय.

मामाने चिमणीला घाई केली नाही. आधी नुसतं आवारात फिरवलं. मग पाठीवर गोणपाट टाकलं, मग साज चढवला, मग मागे रिकामी फळी दोरीने बांधून ओढायला लावली, म्हणजे मागून येणाऱ्या खडखडाटाची सवय व्हावी. प्रत्येक वेळी तिची मान खाली येईपर्यंत, ती शांत होऊन रिकामं तोंड चघळायला लागेपर्यंत तो थांबायचा. पावसाळा सरला तेव्हा ती गाडीला जुंपली गेली, आणि मालक म्हणाला, "मामा, तुमचा हात म्हणजे हात आहे."

आणि मग एके दिवशी ती उधळली.

गाडी वखारीच्या फाटकातून बाहेर पडत होती. गाडीवर आरसा लावलेलं कपाट. ऊन निवांत पडलेलं, रस्ता मोकळा. मामाच्या हातात लगाम सैल होते. काही म्हणता काही नाही, आणि चिमणीने मान वर झटकली, मागचे पाय पोटाखाली घेतले आणि चौखूर सुटली. मामाने तिला वळवून समोरच्या रिकाम्या प्लॉटमधल्या वाळूच्या ढिगात घातलं म्हणून थांबली. आरशाचा चुरा झाला. पैलवानाच्या हाताला काच लागली.

"कशाला घाबरली?" मालकाने विचारलं.

"कशाला नाही," मामा म्हणाला. "काही झालंच नाही हो. उगाच."

आजूबाजूचे दोघे-तिघे एकमेकांकडे बघायला लागले. मामाला ते कळलं नाही.

आता मामाच्या कानांचं सांगायला हवं. एक-दोन वर्षांपासून त्याला कमी ऐकू यायला लागलं होतं. अचानक पडदा पडावा तसं नाही. आवाज येत होते, पण त्यांच्या कडा गेल्या होत्या. टापा ऐकू यायच्या, इंजिनाची घरघर ऐकू यायची, पैलवानाचं ढोलासारख्या आवाजातलं बोलणं बरंचसं कळायचं. पण बायकामुलं बोलली की गोधडीखालून बोलल्यासारखं वाटायचं. सायकलची घंटी नाहीशी झाली होती. स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी कधीतरी बंदच झाली आणि मामाने मनाशी ठरवलं, की मामीने नवा कुकर घेतला असणार. लोक हसले की तो हसायचा, लोक गप्प झाले की गप्प. मधे कुणी काही विचारलंच तर "हं, बघू" म्हणायचा. जगात किती प्रश्नांना "बघू" हे उत्तर चालतं, ते त्याला तेव्हा कळलं.

हे सगळं तो लपवत होता, त्याला कारण होतं. त्याच्या आधीच्या गाडीवाल्याची नजर गेली होती. मालकाच्या बापाने त्याला माणुसकीने फाटकाशी स्टुलावर बसवलं. येणारा-जाणारा त्याच्यासमोर हाताची बोटं नाचवून विचारायचा, "आजोबा, किती?" आणि सगळे हसायचे. मामाही तेव्हा पोरगा होता. मामाही हसला होता. ते स्टूल अजून फाटकाशी होतं.

चिमणी पुन्हा उधळली ती सुतारांच्या शेडसमोर. या वेळी गाडी रिकामी होती, पण ती एका चाकावर भिंतीला घासत गेली. पुन्हा मामाला कारण दिसलं नाही. तो खाली उतरला आणि त्याने आयुष्यात पहिल्यांदा घोड्यावर चाबूक उगारला. उगारला नाही, मारला. दोनदा. चिमणी मागे सरकून भिंतीला चिकटली. डोळ्याचं पांढरं दिसायला लागलं.

पैलवान धावत आला. "अरे मारतोस काय! त्या शेडमधल्या फवाऱ्याला दचकली ती."

"कसल्या?"

"पॉलिश मारायचं नवं यंत्र! किती घाणेरडं किंचाळतं. माझेच दात आंबतात."

मामाने शेडकडे पाहिलं. एक सुतार नळी हातात धरून दाराला पॉलिश मारत होता. त्याने दुसऱ्या हाताने एक कान दाबून धरला होता. मामाला काहीही ऐकू येत नव्हतं.

"हं," तो म्हणाला आणि चिमणीला सोडून आत नेलं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो डबा न उघडता फाटकाशी जाऊन उभा राहिला. चिमणी खुंट्याला बांधलेली होती. एक ट्रक आवारात मागे-मागे येत होता. त्याच्या पाठीवरचा लाल दिवा उघडझाप करत होता. ट्रककडे पाठ करून बोलत उभी असलेली माणसं, कुणी हाक मारल्यासारखी, न बघताच बाजूला झाली. चिमणीचे कान ताठ होऊन ट्रककडे वळले, अंगावरची कातडी लहरली. मामाच्या लेखी मात्र तो ट्रक नुसता घरघरत येत होता. त्या दिव्याबरोबर काहीतरी वाजत होतं. सगळ्या जगाला ते ऐकू येत होतं, आणि एका मुक्या जनावराला त्याची धास्ती बसली होती. तिच्या पाठीशी जो माणूस होता त्याला मात्र ती का घाबरते याचा पत्ता नव्हता. भित्र्या पोराला अंधारात न्यावं आणि वर म्हणावं, इथे तर लख्ख ऊन आहे, तसं चाललं होतं ते. आणि तिला मार बसला होता.

त्याच दिवशी सांगून टाकायला हवं होतं. मालकाकडे जायला आवार ओलांडायचं होतं, तेवढंच. मामा निघालाही. पण वाटेत ते स्टूल होतं.

त्याने वेगळीच युक्ती काढली. घरी जाऊन मामीला म्हणाला, "घोडीला माशा फार त्रास देतात. कानांना टोप्या शिवून दे." मामीने जुन्या परकराच्या कापडाच्या दोन छान टोप्या शिवल्या. मामाने जुंपायच्या आधी चिमणीच्या कानांत कापसाचे बोळे घातले आणि वर टोप्या चढवल्या. बघणाऱ्याला वाटे, लाड चाललेत. आणि चिमणी खरोखर निवळली. ट्रक आले-गेले, यंत्रं किंचाळली, ती आपली मान हलवत चालत राहिली. मालक म्हणाला, "शेवटी आणलीत ना वळणावर!" मामा हसला. खरं काय ते त्याला माहीत होतं, पण दिवस सुरळीत जायला लागले की माणूस मनाचं ऐकत नाही.

एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती. कान बंद केले म्हणजे एकच आवाज बंद होत नाही.

त्या दिवशी वरच्या वस्तीतून एक जुनं शिसवी कपाट दुरुस्तीला खाली आणायचं होतं. उतार, ओझं जड. पैलवान मागे बसून कपाटाला पाठ लावून होता. चिमणीच्या डोळ्यांना दोन्ही बाजूंनी झापडं, कानांवर टोप्या. सगळा उतार ती नीट उतरली. फाटक आलं आणि त्याच वेळी आतून एक ट्रक मागे-मागे बाहेर यायला लागला, बाजूने, झापडाच्या आडून. ट्रक वाजत होता. चिमणीला ऐकू आलं नाही, मामाला ऐकू आलं नाही. पैलवान पाठमोरा ओरडत होता, रस्त्यावरच्या गाड्यांच्या घरघरीत तेही दोघांना ऐकू आलं नाही. ट्रकचं मागचं फळकूट एकदम तिच्या नाकासमोर आलं.

ती दोन पायांवर उभी राहिली, जागच्या जागी वळली आणि हमरस्त्याने सुटली. मामाने दोन्ही लगाम छातीशी ओढले. उधळलेल्या घोड्याला असं सरळ ओढायचं नसतं, एकच लगाम आखडून त्याला गोल वळवायचं असतं. हे तो दहा जणांना शिकवत आला होता, पण हात ऐकेनात. "हळू," तो म्हणाला. "हळू! हळू!" आयुष्यात पहिल्यांदा तो हा शब्द किंचाळला. पण कापसापलीकडे काही पोचलं नाही. चाक नाल्यावरच्या मोरीच्या कठड्यावर आदळलं, गाडी कलंडली, आणि कपाट पैलवानाच्या पायावर पडलं.

लोक धावले. कुणी कपाट उचललं, कुणी पाणी आणलं, कुणी रिक्षा थांबवली. मामाही धावला, पण आधी चिमणीकडे. ती दांड्यात अडकून फेसाने भरून उभी होती. सगळ्यांचं लक्ष पैलवानाकडे असताना मामाने तिच्या कानांतले दोन्ही बोळे उपसून काढले आणि खिशात कोंबले. हे त्याने का केलं, हे त्याला त्या क्षणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. नंतर मात्र रोज आठवत राहिलं, की पैलवान कळवळत असताना आपले हात काय करत होते.

पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला होता. हाडाला आतून धातूची पट्टी घालावी लागली. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण ओझं उचलायचं विसरा.

दुसऱ्या दिवशी मालकाने सगळ्यांसमोर सांगितलं, "ही घोडी मला नको. वीटभट्टीवाल्याशी बोललोय, तो परवा घेऊन जाईल. तिथे कुणाला कपाटं न्यायची नाहीत." मग मामाच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. जनावरच खोटं निघालं, त्याला तुम्ही काय करणार? तुम्ही वाचलात हेच खूप."

सुतार म्हणाले, वाचलात. चहावाला म्हणाला, वाचलात. मामा मान डोलवत राहिला. भट्टीवरचे घोडे त्याने पाहिले होते. भट्टीवर घोडा म्हातारा होत नाही, त्याआधीच संपतो.

संध्याकाळी मामी भाजी निवडत बसली होती. मामा समोर येऊन बसला. खिशातून बोळे काढले आणि तिच्यासमोर जमिनीवर ठेवले.

मामीने बोळ्यांकडे बघितलं, त्यांवरचे तांबूस केस बघितले. "टोप्या माशांसाठी नव्हत्या तर," ती म्हणाली.

"मला ऐकू येत नाही," मामा म्हणाला.

"काय सांगता!" मामी त्याच्या तोंडासमोर येऊन मोठ्याने म्हणाली. "दोन वर्षं मी या घरात ओरडून बोलतेय. शेजारीण म्हणते, तुमच्यात एवढी भांडणं कसली चालतात? तिला काय सांगू, की मीठ हवं का एवढंच विचारतेय म्हणून?"

मामाला हसू आलं आणि ते अर्ध्यावर मोडलं. तो गुडघ्यांत डोकं घालून रडला. मामीने भाजी बाजूला सारली.

"तुला माहीत होतं, तर बोलली का नाहीस?"

"तुम्ही लपवत होता. वाटलं, तेवढी तरी झाकली मूठ राहू द्यावी." तिने बोळे उचलून बाजूला ठेवले. "चुकलंच माझं. पण पैलवानभाऊजींना हे दुसऱ्या कुणाकडून कळता कामा नये. उद्या सकाळी जा. मालकाकडे नंतर."

सकाळी भेटायच्या वेळेला मामा इस्पितळात गेला. पैलवानाचा पाय बँडेजमध्ये गुंडाळून उशांवर उंच ठेवलेला होता. त्याची बायको उशाशी बसून मोसंबी सोलत होती. पैलवानाने मामाला बघून तोंडभर हसायचा प्रयत्न केला. "ये रे. घोडी कशी आहे? तिला कुठे लागलं नाही ना?"

हे ऐकल्यावर बोलणं आणखी कठीण झालं. पण मामाने सांगितलं. कानांचं सांगितलं, कापसाचं सांगितलं, अपघातानंतर कापूस कसा काढला तेही सांगितलं. सांगताना तो पैलवानाच्या ओठांकडे बघत होता, कारण उत्तर चुकायला नको होतं.

पैलवानाने आपल्या पायाकडे बघितलं. मग म्हणाला, "मी ओरडत होतो. ट्रक, मामा ट्रक, म्हणून ओरडत होतो. घसा फुटला माझा. इथे पडल्या पडल्या मी विचार करतोय, की मामाने ऐकून का थांबवली नाही? मलाच समजावत होतो, त्याने प्रयत्न केला असणार."

"मला..."

"तुला ऐकू येत नाही हे मला सांगितलं असतंस, तर मी मागे बसलो असतो का? तुझ्या शेजारी बसलो असतो! तुझ्या बरगडीत कोपर मारलं असतं! एका डब्यात जेवतो रे आपण." त्याचा आवाज चढला तशी शेजारच्या खाटेवरची माणसं बघायला लागली. "जा तू. आत्ता जा."

 त्याच्या बायकोने सोललेली मोसंबी तशीच ताटलीत ठेवली आणि दुसरीकडे बघत राहिली. मामाला पैलवानाच्या रागापेक्षा ते जास्त लागलं.

तिथून तो सरळ मालकाकडे गेला आणि तीच कहाणी पुन्हा सांगितली. मालकाने पंखा बंद केला, दार लावलं, खुर्चीत बसला, पुन्हा उठला. "मामा, रस्त्यावर लहान पोर असतं तर?"

"हो."

"हो काय! हे म्हणे आमचे सगळ्यात भरवशाचे!"

"घोडी भट्टीवर देऊ नका, एवढंच सांगायला आलोय. ती खोटी नाही. मला काढायचं तर काढा."

मालक चांगला माणूस होता, पण हाडाचा व्यापारी होता. रागातही त्याचा हिशेब चालू राहायचा. गाडी तर लागणारच होती आणि दुसरी घोडी आणली तरी तिला शिकवायला माणूस हाच होता. तो म्हणाला, "गाडीवर बसायचं नाही. आजपासून नाही. आवारात राहून तिला माणसांत आणा. हिवाळा संपेपर्यंत जमलं तर ठीक, नाही तर मी पुन्हा ऐकणार नाही. आणि आधी कानाच्या डॉक्टरकडे जा."

कानाच्या डॉक्टरने तपासून यंत्र दिलं, कानामागे बसणारं, वालाच्या दाण्याएवढं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मामाला वाटलं, सगळं गाव भांडतंय. मामीच्या चपलांचा आवाज, कागदाच्या पिशवीचा आवाज, कुणीतरी नाक शिंकरलं त्याचा आवाज. वखारीच्या फाटकातून आत शिरतो तोच बाजूला ट्रक मागे यायला लागला आणि टीं-टीं-टीं असं काहीतरी त्याच्या मेंदूत टोचलं. मामा दोन्ही हात वर करून एकदम बाजूला उडाला आणि चहावाल्याच्या बाकावर पडला. कप फुटले.

"मामा, आज तुम्हीच उधळलात की!" चहावाला म्हणाला.

मामाला राग आला नाही. त्याने बसल्या बसल्या कपांचे तुकडे गोळा करून दिले. मग उठून तबेल्यात गेला. चिमणी कोपऱ्यात तोंड करून उभी होती. चाबकाच्या दिवसापासून ती त्याच्याकडे तोंड करून उभी राहतच नव्हती. "एवढं घाण वाजतं होय गं," मामा म्हणाला. ती वळली नाही.

त्या हिवाळ्यात मामाने नव्याने सुरुवात केली. कापूस नाही, टोप्या नाहीत. फवाऱ्याचं यंत्र आवाराच्या या टोकाला चालायचं, तेव्हा तो चिमणीला त्या टोकाला घेऊन उभा राहायचा. ती थरथरायची. तो तिला छोट्या गोलात फिरवायचा, कारण पाय वळत राहिले की पळायचं सुचत नाही. मान खाली आली की एक पाऊल पुढे. नाही आली की तिथेच. काही दिवस एकही पाऊल पुढे पडलं नाही. काही दिवस मागे गेले. एकदा तिने त्याला आवारभर फरफटत नेलं आणि त्याच्या तळहातांची साल दोरीला लागून गेली. सुतार कंटाळून बघेनासे झाले. मालक खिडकीतून बघायचा आणि खिडकी लावून घ्यायचा.

रोज संध्याकाळी तो इस्पितळाकडे चक्कर टाकायचा, मग पैलवानाच्या घराकडे. पैलवानाची बायको दारातूनच सांगायची, "झोपलेत." कधी आतून पैलवानाचं खोकणं यायचं. आता मामाला तेही नीट ऐकू यायचं.

पैलवान कुबडी घेऊन वखारीत आला तेव्हा थंडी ओसरायला आली होती. मालकाने त्याला बोलावलं होतं. ओझं उचलणं संपलं होतं, पण हात शाबूत होते. गाडीवर बसून लगाम धरता येईल का, असा मालकाचा विचार. पैलवान फळ्यांच्या ढिगावर बसला आणि चिमणीकडे न बघता म्हणाला, "त्या गाडीवर मी बसणार नाही. तिचं सोडा, माझंच काळीज पळतं."

मामा घोडी घेऊन लांब उभा होता. त्याने हे ऐकलं आणि तो तिला पुन्हा गोलात फिरवायला लागला. दुसऱ्या दिवशी पैलवान पुन्हा येऊन त्याच ढिगावर बसला. कशाला आला ते त्याने सांगितलं नाही, मामाने विचारलं नाही. मामा घोडीला गोलात फिरवत होता. हळूहळू तो गोल फळ्यांच्या ढिगाच्या जवळ सरकत गेला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी चिमणीने मान लांब करून पैलवानाच्या कुबडीचा वास घेतला. पैलवानाचा चेहरा पांढरा पडला, पण तो उठला नाही.

"हिला मोसंबीची सालं आवडतात," मामा म्हणाला. कित्येक महिन्यांनी त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"मला नाही माहीत," पैलवान म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी त्याच्या खिशात सालं होती.

पहिल्यांदा गाडी बाहेर काढली ती रिकामी. पैलवान वर, लगाम त्याच्या हातात. मामा खाली, चिमणीच्या तोंडाशी, दोरी धरून चालत. फाटकाबाहेर दहा-वीस हातांवर उभ्या असलेल्या एका ट्रकने ब्रेकची हवा सोडली. फुस्स. चिमणी आडवी उडाली. मामाला धक्का बसून यंत्र कानातून निसटलं आणि जग पुन्हा गोधडीखाली गेलं. त्याने दोरी सोडली नाही. वर पैलवानाचं तोंड उघडझाप करताना दिसलं, शब्द कळले नाहीत, पण त्याने एक लगाम आखडलेला दिसला, एकच, कमरेकडे. चिमणी वळली, पुन्हा वळली, भिंतीपाशी येऊन थांबली. तिच्या बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या.

पैलवान घसरतच खाली उतरला आणि एका पायरीवर बसला.  मामा धुळीत यंत्र शोधत होता. सापडलं. पुसून कानात घातलं.

"...ऐकू येतंय का?" पैलवान विचारत होता.

"आता येतंय."

"मी म्हणत होतो, बाजूला हो, चाक येतंय तुझ्यावर. मेला असतास."

मामा त्याच्या शेजारी पायरीवर बसला. चिमणीने मान खाली सोडली, तोंड चघळलं. पैलवान कुबडी टेकून उठला. "वरपर्यंत आज नको," तो म्हणाला. "त्या कोपऱ्यापर्यंत जाऊ आणि परत येऊ." आणि चाकावर पाय देऊन, तोंड वाकडं करत, पुन्हा वर चढला.

चिमणी वखारीतच राहिली. ती कधी पुरती निर्धास्त झाली नाही. फुस्स आवाजाला आजही आडवी होते, फक्त पळत नाही, बहुतेक वेळा. मामा पुन्हा कधी गाडीवर बसला नाही. तो तिच्या तोंडाशी चालतो, चढ असो की उतार. तो आणि पैलवान आता वेगवेगळ्या डब्यांत जेवतात, कारण पैलवानाची बायको अजून मामीशी तुटक बोलते. हवा बदलली की पैलवानाचा पाय ठणकतो. तेव्हा तो गाडीवरून मुद्दाम मोठ्याने कण्हतो, शिव्या घालतो, मामाच्या नावासकट. मामा मागे वळून बघतो आणि म्हणतो, "ऐकलं."